दुरुस्त करावा, की देऊन टाकावा?

दिवाळीची आवराआवर निघाली की आमच्या घरी दोन गोष्टी हमखास निघतात. एक माळ्यावरची पितळी भांडी, आणि दुसरा नानांच्या ॲम्प्लिफायरवरून वाद. भांडी चिंच-मीठ लावून दोन दिवसांत लखलखीत होऊन परत वर जातात. वाद मात्र देवदिवाळीपर्यंत चालतो.

नाना म्हणजे माझे सासरे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, आता शहात्तर वर्षांचे आहेत. १९८४ साली त्यांनी पगाराचे अडीच महिने घालून मुंबईहून एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी खोक्यांचे स्पीकर आणले. पुढच्या वर्षी आमचे ‘हे’ जन्मले. त्यामुळे सासूबाई गमतीनं म्हणतात, “थोरला तो, धाकटा हा.” थोरल्याची बडदास्त अशी, की हॉलमधल्या शोकेसचा सगळ्यात चांगला कप्पा त्याचा, त्याच्या अंगावर सासूबाईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मिळालेली सूचना, “त्या डब्याला हात लावायचा नाही.”

तर सांगायचं म्हणजे, दोन वर्षांपूर्वी हा डबा कुरकुरायला लागला. बटण दाबलं की आधी ‘हूं’ असा घोगरा आवाज. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की तव्यावर फोडणी तडतडावी तशी खरखर. डावा स्पीकर उजव्यापेक्षा बारीक. नानांची तक्रार मात्र वेगळीच होती. “आवाजात धार राहिली नाही,” ते म्हणायचे. “शब्द कळत नाहीत. बाबूजींचे शब्द कधी कळले नाहीत असं झालंय का?” बाबूजी म्हणजे सुधीर फडके. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गाणी आठवड्याला एक अशी ऐकवली गेली, ती ऐकत मोठी झालेली ही पिढी. एकेक शब्द मोत्यासारखा ऐकायची सवय. शब्द कळेनात म्हणून नाना आवाज वाढवायचे, आवाज वाढला की घरघरही वाढायची, आणि मग शेजारच्या काकू गॅलरीत येऊन उगाचच कपडे झटकायच्या. बोलायच्या काही नाहीत, पण झटकणं कळतंच ना!

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. “विकून टाकू. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात कुणीतरी हौशी घेईल. तीन-चार हजारांत ब्लूटूथचा स्पीकर येतो, सगळी गाणी मोबाइलवर आहेत. त्या डब्यात पैसे घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नाल ठोकणं.” नानांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. “मी आहे तोवर तो राहील.” आणि दोघांच्या मध्ये मी.

मी एका शाळेत अर्धा दिवस शिकवते. पाचवी ते सातवीचं मराठी आणि इतिहास. पगार सांगण्यासारखा नाही, पण तो माझा आहे. त्यातून दर महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकून साडेसहा हजार जमले होते, व्याज धरून. मनात होतं लेकीला सायकल घ्यायची. आणि त्याच सुमाराला एका दुकानदारानं डबा न उघडताच सांगितलं, “पूर्ण सर्व्हिसिंग करावी लागेल, साडेसहा हजार होतील.” नेमका तोच आकडा! मला तर वाटलं ह्याला माझं पासबुक दिसलं की काय.

तेवढे पैसे मी दिले नाहीत, पण डबा त्याच्याकडे ठेवला. “आधी पाहून सांगा, मग ठरवू.” सात आठवडे गेले. आज नाही उद्या, माणूस गावाला गेलाय, पार्ट मुंबईहून यायचाय. शेवटी बाराशे रुपये देऊन परत आणला, तर घरघर होती तशीच, आणि वर अर्ध्या तासात डबा इतका तापायला लागला की क्रोशाचा रुमाल इस्त्री केल्यासारखा गरम लागायचा. काय काय बदललं ते त्यानं सांगितलं नाही, जुने भाग परत दिले नाहीत, पावतीही नाही. चूक माझीच. घरी मिक्सर दुरुस्तीला दिला तरी जुना कार्बन ब्रश मागून घेणारी मी, इथं मात्र ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ म्हणून गप्प बसले. मैत्रिणींनो, आपल्याला कळत नाही हेच सांगून आपल्याला गप्प बसवतात, आणि आपण बसतो. काढलेला भाग परत मागायला इंजिनिअर असावं लागत नाही.

मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी शहागंजमधल्या एका वृद्ध मेकॅनिकचा पत्ता दिला. घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास गल्लीत जिन्याखाली त्यांची एवढीशी जागा. लोक त्यांना नुसतं चाचा म्हणतात. आपल्या भागात पूर्वी रेडिओ-टीव्हीची कामं जाणणारी माणसं पुष्कळ. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता, त्यामुळे सोल्डरिंगचं कसब अनेक घरांत पोचलं. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. चाचांची विद्या मात्र त्याच्याही आधीची, वाल्वच्या रेडिओंपासूनची.

चाचांनी डब्याला लगेच वीज दिली नाही. आधी हातात घेऊन वजन पाहिलं. मग झाकण काढलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, “बेटी, इसका ट्रान्सफॉर्मर देखो. पूरा ताँबे का. इसकू फेको नक्को.” मग एका लाकडी पाटीवर लावलेला जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब पुढे ओढला आणि डब्याची वायर त्याच्यामधून जोडली. त्याला सिरीज बल्ब म्हणतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि डबा वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. ह्यासाठी जुना तारेचाच बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. आमचा बल्ब उजळला आणि मंद झाला. माझा जीव उगाचच भांड्यात पडला.

घरघरीचं कारण त्यांनी मला फार छान समजावलं. भिंतीतल्या प्लगमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत असते. डब्यातला ट्रान्सफॉर्मर ती कमी दाबाची करतो, पुढचे डायोड तिला एकाच दिशेनं ढकलतात, पण तरीही ती सलग नसते, सेकंदाला शंभर हिसक्यांनी येते. ते हिसके साठवून सलग धार देण्याचं काम दोन मोठे कंडेन्सर करतात. (पुस्तकात त्यांना कपॅसिटर म्हणतात.) मी म्हटलं, “म्हणजे गच्चीवरची टाकी!” चाचा हसले. “हौ, बराबर बोली.” आमच्या शहरातल्या बायकांना ही गोष्ट कुणी शिकवायला नको. नळाला रोज पाणी येण्याची चैन आम्हाला कधी नव्हती. पाणी येतं तेव्हा धो धो, नाही तेव्हा ठणठणाट. मधली टाकी मोठी आणि धड असली की स्वयंपाकघरातला नळ कसा शांत वाहतो. टाकी गळकी झाली की नळ फुसफुसतो. तसंच हे. कंडेन्सर सुकला, त्याची साठवण कमी झाली, आणि ते शंभर हिसके स्पीकरमधून घरघर बनून ऐकू यायला लागले.

सुकला म्हणजे अक्षरशः सुकला बरं का. त्या नळकांड्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या गुंडाळ्या असतात आणि मध्ये द्रावणात भिजवलेला कागद. तोंडाशी रबराचं बूच. वर्षानुवर्षं उष्णतेनं ते द्रावण थोडं थोडं उडून जातं, लोणच्याचा खार आटतो तसं. ह्या भागांचं आयुष्य तासांत मोजतात. समजा ८५ अंशांना २,००० तास असं ठरलेलं असेल, तर दर दहा अंश तापमान कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. मी घरी येऊन वहीत हिशेब मांडला. डब्यात ४५ अंश असतील तर ३२,००० तास. रोज दोन तास गाणी ऐकली तर त्रेचाळीस वर्षांच्या वर! पण डब्यात ५५ अंश झाले की तेच १६,००० तास, म्हणजे निम्मं. आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच चाळिशी गाठते. त्यात डबा बंद शोकेसमध्ये, वर क्रोशाचा रुमाल, नेमका हवेच्या फटींवर. एवढ्या मायेनं आम्ही त्याचं आयुष्य कमी केलं होतं. सासूबाईंना हे सांगायचं कसं, हा वेगळाच प्रश्न.

खरखरीचं पाप मात्र सर्वस्वी माझं निघालं. व्हॉल्यूमचं बटण घट्ट झालं म्हणून मीच मागे एकदा, नाना झोपले असताना, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब त्याच्या दांड्यावर सोडले होते. बटण फिरायला लागलं मस्त, पण ते तेल आत उतरून कार्बनच्या पट्टीवर पसरलं आणि त्यावर धूळ बसून चिखल झाला. चाचांनी बोट लावून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यासाठी वेगळा फवारा मिळतो, जो साफ करून उडून जातो, आणि तोही पेटी बंद करून, मेकॅनिकनं मारायचा असतो.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. आधीच्या दुकानात मूळचे आउटपुट ट्रान्झिस्टर काढून दुसरे बसवले होते. त्यांवर २एन३०५५ असा नंबर होता, जो त्या काळच्या कितीतरी ॲम्प्लिफायरमध्ये सापडतो, पण चाचांच्या मते माल बनावट होता, आणि ट्रान्झिस्टर व ॲल्युमिनियमच्या पंख्यांमध्ये पांढरी पेस्ट लावलीच नव्हती. म्हणून तापत होता. आणि दुसरी गोष्ट म्हणजे फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळलेली. “ये किसने किया?” चाचांनी विचारलं. घरी येऊन चौकशी केली तर नानांनी, १९९३च्या गणपतीत, आरतीच्या वेळी फ्यूज उडाला म्हणून! म्हणजे तीस वर्षं आम्ही त्या डब्याशेजारी निरांजन लावत होतो आणि खरी आग कुठून लागू शकते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे असा जुना ॲम्प्लिफायर, रेडिओ, टेपरेकॉर्डर काही असेल आणि दुरुस्तीचा विचार नसला, तरी तेवढा फ्यूज आणि वायरची साल मात्र जाणत्याकडून पाहून घ्या. स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही त्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहते आणि सणसणीत झटका देते.

चाचांनी खर्च सांगितला तो तीन भागांत. ज्याच्याशिवाय चालणार नाही ते : दोन मोठे कंडेन्सर, डाव्या बाजूचा एक सुकलेला कंडेन्सर, चांगले ट्रान्झिस्टर, फ्यूज, साफसफाई, मिळून १,८५०. केलं तर बरं ते : बाकीचे सगळे लहान कंडेन्सर आणि व्हॉल्यूमचा कंट्रोल नवीन, आणखी हजारभर. आणि स्पीकरच्या कडेचा फोम, जो आमचा बोट लावताच भुसा होऊन पडला, त्याचे वेगळे आठशे. “सब एक साथ करना जरूरी नै,” ते म्हणाले. हे ऐकून मला जो विश्वास वाटला तो आधीच्या दुकानातल्या काचेच्या टेबलानं आणि एसीनं वाटला नव्हता.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. कारण त्याच दुपारी आणखी एक गोष्ट घडली होती.

नाना आणि लेक दोघंही माझ्याबरोबर आले होते. चाचांनी तात्पुरते तारा लावून त्यांच्या टेबलावरचा स्पीकर जोडला आणि कसलंसं तपासणीचं यंत्र सुरू केलं. त्यातून सूर यायचा आणि चढत जायचा. लेकीनं कानावर हात ठेवले. “आई, शिट्टी! बंद करायला सांग.” मलाही ती शिट्टी ऐकू येत होती. नाना मात्र शांतपणे बसून होते. “अजून सुरू नाही केलं का?” त्यांनी विचारलं.

चाचांनी यंत्र बंद केलं. माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. नंतर नाना चहा घ्यायला पुढे गेले तेव्हा हळूच म्हणाले, “बेटी, डब्बा तो मैं बना दूंगा. लेकिन साब कू सुनाई कम आता है. मेरा भी वैसाच हो गया था.”

रिक्षात बसल्यावर माझं कशातच लक्ष लागेना. दोन वर्षांत घरात काय काय झालं होतं ते एकेक आठवायला लागलं. नाना फोनवर बोलेनासे झाले होते, तुसडेपणा वाढला असं आम्ही म्हणायचो. जेवताना लेकीनं काही विचारलं की भलतंच उत्तर. ‘सात’ म्हटलं की ‘आठ’ ऐकायचे. त्यांचे मित्र संध्याकाळी कट्ट्यावर जमायचे, तिथं जाणं बंद केलं होतं, “गुडघे दुखतात” म्हणून. गुडघे! आणि आम्ही सगळे मिळून त्या डब्यावर भांडत होतो.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “मग झालंच की! डबा ठीक आहे, कान तपासू. दुरुस्तीचे पैसे वाचले.” हिशेबानं बरोबर होतं. पण नानांशी बोलायला गेलो तर त्यांनी एका वाक्यात वाटेला लावलं. “माझे कान खणखणीत आहेत. डबा बिघडलाय. तुम्हाला पैसे घालायचे नाहीत म्हणून माझ्यावर ढकलताय.” आणि तीन दिवस बोलले नाहीत. म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांचा चष्मा लागला तर काही वाटत नाही, पण ऐकू येत नाही म्हटलं की अपमान वाटतो. ‘बहिरा’ हा शब्दच आपण शिवीसारखा वापरत आलो आहोत ना!

मी दोन रात्री विचार केला. माझ्याकडे साडेसहा हजार होते, त्यातले बाराशे वाया गेले होते. सायकल होती डोळ्यांसमोर. कानाच्या तपासणीला पैसे लागणार, यंत्र लागलं तर कितीतरी जास्त. अशा वेळी चाळीस वर्षांच्या डब्यावर १,८५० घालणं म्हणजे ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे वेडेपणा. पण माझ्या लक्षात एक आलं. डबा घरघरत राहील तोवर नाना डब्यालाच दोष देणार. नवीन स्पीकर आणला तर म्हणणार, ह्याला काय सूर आहे, प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक. त्यांना पटेल असा एकच साक्षीदार होता, तो म्हणजे त्यांचाच डबा, धडधाकट होऊन आलेला.

म्हणून मी पहिल्या भागाचं काम सांगितलं. दुसरा भाग नको. स्पीकरचा फोम मात्र केला, कारण फाटक्या फोमनं स्पीकरच्या पुठ्ठ्याला आणि आतल्या कॉइलला इजा होते आणि तो स्पीकर मग मिळत नाही. एकूण २,६५०. काढलेले भाग एका खाकी पाकिटात घालून चाचांनी न मागता दिले. दहा दिवसांत डबा घरी.

त्या रविवारी सकाळी सासूबाईंनी शिरा केला होता. नानांनी स्वतः रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली. घरघर नाही, खरखर नाही, दोन्ही बाजू सारख्या. मला तर तंबोऱ्याची तार न् तार ऐकू येत होती. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, पण हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. ह्यांनीसुद्धा पेपर खाली ठेवला. नाना पुढे वाकून बसले होते. मग त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेजारच्या काकूंची गॅलरी वाजली. लेक म्हणाली, “आजोबा, किती मोठा!” नानांनी तिच्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. “तुला शब्द कळताहेत?” त्यांनी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, सगळे कळताहेत.” नानांनी आवाज कमी केला आणि रेकॉर्ड संपेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, “अगं, ते कानाच्या डॉक्टरांचं काय म्हणत होतीस?”

डॉक्टरांनी आधी कानातला मळ काढला. (हे आधी करून घ्यावं. पुष्कळदा निम्मं काम तिथंच होतं.) मग एका बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. एकेक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. कागदावर जो आलेख येतो तो मी घरी आणून पुन्हा पुन्हा पाहिला. खालचे, म्हणजे जाड सूर नानांना चांगले ऐकू येत होते. जसजसे सूर बारीक, तसतशी रेघ उतरणीला. वयानं कान असेच जातात, वरच्या टोकाकडून. आणि डॉक्टर म्हणाल्या ते माझ्या मराठीच्या बाईच्या कानाला अगदी पटलं. स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, त, थ, फ ह्यांसारखी व्यंजनं बारीक असतात, ती हरवतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. ‘सात’चं ‘आठ’ कसं होत होतं ते कळलं. आणि आवाज वाढवून उपयोग नसतो, कारण जे ऐकू येतं तेच आणखी मोठं होतं. कारखान्यात तीस वर्षं यंत्रांच्या धडधडाटात काढली होती, त्याचाही वाटा असणार असं त्या म्हणाल्या.

यंत्राची किंमत ऐकून मात्र आम्ही सगळे गप्प झालो. एका कानाचे अठरा हजार. ज्येष्ठांना अशा साधनांसाठी तीन हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्य सरकारनं २०२४ साली आणली, पण तिला उत्पन्नाची अट आहे आणि आम्ही त्यात बसत नव्हतो. तुमच्यापैकी कुणी बसत असेल तर समाजकल्याण कार्यालयात जरूर चौकशी करा. आम्ही एकाच कानाचं घेतलं, ज्या कानाला जास्त उपयोग होईल त्या. निम्मे नानांनी आपल्या ठेवीतून काढले, उरलेले ह्यांनी हप्त्यानं. माझे उरलेले पैसे तपासणीला आणि येण्याजाण्याला लागले. सायकल पुढच्या वर्षावर गेली. लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “चालेल, पण मग गिअरची.” व्याज वसूल करते आहे.

आणि गंमत म्हणजे, यंत्र लावून नानांनी पहिल्यांदा गाणं लावलं तर तोंड वाकडं केलं. “पत्र्याच्या डब्यात गातोय कुणीतरी.” मी घाबरले. परत डॉक्टरांकडे. कळलं ते असं, की ही यंत्रं माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. मोठा आवाज दाबतात, बारीक उचलतात, मागचा गलका कापतात. संगीताला हे मानवत नाही. त्यांनी यंत्रात गाण्यासाठी वेगळी जुळणी करून दिली, बटण दाबलं की बदलते. आता बोलताना एक आणि गाण्याला एक. तरी नानांच्या मते तंबोरा अजून पुरता जमलेला नाही. पण ‘स’ परत आलाय, असं ते कबूल करतात.

आता ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांनी काय करावं असं कुणी विचारेल. सगळ्यांनी दुरुस्त करावा असं मी म्हणणार नाही. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक, अशा नावांचे आपल्याकडे बनलेले जुने ॲम्प्लिफायर अजून कितीतरी घरांत आहेत. साध्या भागांचे बनलेले असल्यानं जाणत्या माणसाला ते दुरुस्त करता येतात, हा त्यांचा मोठा गुण. पण ट्रान्सफॉर्मरच जळाला असेल तर मी दोनदा विचार करीन. आणि रोज-आठवड्याला ऐकणारं कुणी घरात नसेल तर कौतुकानं माळ्यावर ठेवण्यात अर्थ नाही. न वापरताही कंडेन्सर खराब होतात, आणि वर्षांनंतर एकदम प्लग लावला तर फुटूही शकतात. अशा वेळी ऐकणाऱ्या माणसाला देऊन टाकावा. आमचे हे सुचवत होते ते काही चुकीचं नव्हतं, फक्त आमच्या घराला लागू नव्हतं.

तसा आमच्या माळ्यावर एक दुसराही आहे. भजनी मंडळाचा, अहुजाचा, माइकचा. मंडळ बंद पडलं तेव्हा नानांकडे आला. चाचांना दाखवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर गेलेला, पाणी गळून आत गंज. “इसकू छोड दो,” म्हणाले. नानांना मी अजून सांगितलेलं नाही. देवदिवाळी होऊ दे म्हटलं.

शोकेसचं मागचं फळकूट सुताराकडून काढून घेतलंय, हवा खेळते. क्रोशाचा रुमाल आता रेकॉर्ड प्लेअरच्या झाकणावर असतो, आणि तिथं तो जास्त शोभतो असं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पण उचलला नाही. लेकीनं माझं नेलपॉलिश घेऊन व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी एक लाल ठिपका दिलाय. त्याच्यापुढे बटण न्यायचं नाही, असं आजोबा-नातीचं ठरलंय. काकूंनी परवा कपडे झटकायच्या ऐवजी विचारलं, “ती सकाळची रेकॉर्ड कोणती हो?”